अडीच सेकंदांची तिपोको

१४ ऑक्टोबर, वागादुगू

लासाने झुंग्राना आज अकरा वाजता आला, तीन हार्ड डिस्क माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "घे गुलाम. बाजारात कुत्र्याचं डोकं मिळालं नाही, आज हेच खा."

मी म्हटलं, "मालकिणीसमोर आधी टोपी काढ."

त्यानं टोपी काढली, तीतली धूळ माझ्या कीबोर्डवर झटकली आणि परत घातली. इसाबेल, म्हणजे ब्रसेल्सची आमची निर्माती, फोनवर होती. आमचं असलं बोलणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती घाबरली होती. मी सामो जमातीची आणि तो मोसी; सामोंना कुत्रं खाण्यावरून चिडवायचं, एकमेकांना गुलाम म्हणायचं आणि रागवायचं नाही हे आमच्या पणज्यांपासून चालत आलंय, असं तिला समजावून सांगावं लागलं होतं. अजूनही ती अशा वेळी जरा जपूनच हसते.

एकशे अठरा तासांचं चित्रीकरण आहे. कुलबागो गावचा बंधारा, त्याच्या पाण्यावरचे कांद्याचे वाफे, आणि फेब्रुवारीतली ती घटना. समितीनं कुलूप लावलेलं बंधाऱ्याचं दार एका पहाटे सताड उघडं सापडलं आणि तिसरा हिस्सा पाणी पाटानं खाली वाहून गेलं. कुणी उघडलं ते कधीच कळलं नाही. दिग्दर्शक म्हणून लासाने तेव्हा गावातच होता, पण त्या पहाटेचं चित्रीकरण नाही. का नाही, ते मी विचारलं नाही.

संकलक म्हणून माझा नियमच आहे तो. चित्रीकरणाच्या जागी जायचं नाही आणि कॅमेरा बंद असताना काय झालं ते दिग्दर्शकाला विचारायचं नाही. प्रेक्षकाला जेवढं दिसणार तेवढंच मला ठाऊक असावं. सतरा वर्षं हा नियम पाळला. कामाची वही वेगळी आहे. या वहीत, कामाच्या वहीत न शोभणारं लिहायचं.

२ नोव्हेंबर

एकतीस तास पाहून झाले. मला तिपोको आवडायला लागली आहे.

वय साठीच्या आसपास, विधवा. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, पाण्याला लागून तिचा वाफा आहे. कुदळ वापरून झाली की ती पोटरीला पुसते, आधी डाव्या, मग उजव्या. शेळीला रागावताना शेळीच्या आईचाही उद्धार करते. डावा गुडघा दुखतो, पण कॅमेरा चालू आहे असं वाटलं की लंगडत नाही. कॅमेरा गेला असं वाटलं की लंगडते. लासानेचा कॅमेरामन कधी बंद करतो हे तिला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, म्हणून मला हे कळलं.

या बाईला मी तिच्या सुनेपेक्षा जास्त वेळ पाहिलं असेल, आणि तिला माझं नावही माहीत नाही. हे योग्य आहे का? सतरा वर्षांत हा प्रश्न पडला नव्हता असं नाही. पडला की मी पुढचा शॉट लावते.

१९ नोव्हेंबर

सभेचा प्रसंग जमत नव्हता. झाडाखाली चाळीस माणसं, एक कॅमेरा, सव्वा तास. समितीचे अध्यक्ष इद्रिसा उभे राहतात आणि विचारतात, "दार कुणी उघडलं?" मग शांतता. कॅमेरा अध्यक्षांवरच राहतो. त्यांच्या गालावर माशी बसते. मग कॅमेरा मागे सरकतो आणि चाळीसही माणसं बारीक होऊन जातात. प्रसंग तिथेच मरतो.

लासाने मागे बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. म्हणाला, "इथे तिपोको पाहिजे."

"चाळीस माणसांत तिपोकोच का?"

"चेहरा चांगला आहे."

"अध्यक्षांचा वाईट आहे?"

"अगं, त्याच्या चेहऱ्यावर माशीसुद्धा नाइलाजानं बसलीय."

प्रश्नाच्या वेळी तिपोको फक्त लांबच्या शॉटमध्ये, पार मागे, अंगठ्याएवढी दिसते. तो बिनकामाचा. दोन दिवस शोधत होते. आज १४ मार्चच्या चित्रीकरणात सापडलं. ती समोर बघते आहे आणि मग नजर हळूच खाली जाते. अडीच सेकंद. ते उचललं आणि "दार कुणी उघडलं?" याच्या पुढे लावलं.

अंगावर काटा आला. हे मी नम्रपणाचा आव न आणता लिहिते: गेल्या पाच-सहा वर्षांत माझ्या हातून इतका चांगला कट झालेला नाही. काही न बोलता सगळं बोलतो.

लासानेला दाखवलं. शेंगा फोडायचा थांबला. "पुन्हा लाव," म्हणाला. पुन्हा लावला. मग तो उठून बाहेर गेला आणि आपल्या मोटरसायकलपाशी बराच वेळ उभा राहिला. परत आल्यावर मी विचारलं, "आवडला नाही?"

"आवडला," तो म्हणाला. "राहू दे." शिवी नाही, गुलाम नाही, काही नाही. मी ती सर्वांत मोठी शाबासकी समजले.

२७ नोव्हेंबर

इसाबेलला पहिली जोडणी पाठवली होती. आज तिचा फोन आला. "म्हणजे तिनंच उघडलं तर! ते डोळे, ओदिल! मी खुर्चीतून उडाले."

दुपार आनंदात गेली. संध्याकाळी घरी भाजी चिरताना ते वाक्य पुन्हा आठवलं. म्हणजे तिनंच उघडलं.

पण तिनं उघडलेलं नाही. मी उगाच म्हणत नाही, माझ्याकडे चित्रं आहेत. तिपोकोचा वाफा वरच्या अंगाला आहे. पाणी गेल्यावर वरच्या वाफ्यांचं नुकसान झालं, तिच्याही. एप्रिलमध्ये ती वाळलेला कांदा उपटून बांधावर फेकते तो शॉट मीच चित्रपटात लावला आहे. पाण्याचा फायदा झाला तो पाटाखालच्या बायकांना. समितीनं पाट बंद केल्यावर त्यांच्या खड्ड्यांसारख्या विहिरींत चिखल उरला होता. स्वतःचा कांदा वाळवून कोण दुसऱ्याच्या विहिरीत पाणी सोडेल?

१४ मार्चला तिनं नजर खाली का केली, तेही चित्रीकरणात आहे. पुढच्याच क्षणी नवऱ्याचे चुलते तिच्या हातून पाण्याचं भांडं घेतात. सून सासऱ्यासमोर नजर खाली करते, एवढंच ते आहे.

आदराचा शॉट मी कबुलीजबाबाच्या जागी लावला.

४ डिसेंबर

अबिबाता मावशी जेवण घेऊन आल्या. गेली नऊ वर्षं त्या या इमारतीत भात आणि चवळीचं बेंगा विकतात. पडद्याकडे कधी बघत नाहीत, म्हणतात, "तुमच्या सिनेमात कुणी नाचत नाही." आज ताट ठेवताना थांबल्या. सभेचा प्रसंग लागला होता.

"ही सभा कधीची म्हणायची?"

"फेब्रुवारी, मावशी. वर लिहिलंय बघा."

"मला वाचता येत नाही, दिसतं मात्र." त्यांनी पळीनंच पडदा दाखवला. "ही बाई फेब्रुवारीत आठ मार्चचं कापड गुंडाळून आली? हिला कापडवाल्यानं आधीच दिलं? मला तर रांगेत उभं राहूनही सहा तारखेला मिळालं."

मी शॉट थांबवला. तिपोकोच्या डोक्याला गुंडाळलेलं कापड पिवळं होतं, त्यावर भोपळ्याची भांडी आणि कुदळी. यंदाच्या महिला दिनाचं. दरवर्षी नक्षी बदलते आणि मार्चच्या पहिल्या आठवड्याआधी ते कुणाच्याही अंगावर दिसत नाही. देशातल्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागत नाही.

"आणि तू काय घातलंयस?" मावशी म्हणाल्या.

मी खाली पाहिलं. तेच कापड. यंदा त्याचा झगा शिवला होता.

मावशी जिना उतरेपर्यंत हसत होत्या. मलाही हसू आलं. हा कट मी दोनशेदा तरी पाहिला असेल. डोळ्यांकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं नाही. जे हवं तेच बघितलं.

५ डिसेंबर

लासानेला सांगितलं. म्हणाला, "पिवळ्याचं निळं करून टाक. रंग तुझ्याच हातात आहेत."

मी म्हटलं, "खोटारड्या मोसी, त्या बाईवर आळ येतोय."

"सामो कधीपासून न्यायाधीश झाले? अख्खं गाव कुत्र्याच्या डोक्यावरून भांडत बसतं, आणि हे आम्हाला न्याय शिकवणार."

"तुझ्या आजोबांना आम्ही विकत घेतलं तेव्हा अक्कल वेगळी घ्यायची राहिली."

तो हसला, मीही हसले. तो गेला.

नंतर मी कापड निळं करून पाहिलं. वीस मिनिटं लागली. अबिबाता मावशींनाही ओळखू येणार नाही इतकं नीट झालं. चूक सापडली त्याहून जास्त भीती मला या वीस मिनिटांची वाटली. फाइल पुसून टाकली.

९ डिसेंबर

आज चौथ्यांदा सांगितलं. चौथ्यांदा तो हसला.

मी काय काय म्हटलं ते आठवून लिहिते. "हा कट काढला नाहीस तर तुझ्या मयताला येऊन कबरीत झोपेन आणि उठणार नाही." "तुला देव विचारील, पण आधी मी विचारीन." सगळं खरं होतं, मनापासून होतं. पण आमच्यात असंच बोलायचं असतं. सामोनं मोसीला शिव्या द्याव्यात, मोसीनं हसावं. त्याचं काही चुकलं नाही. सतरा वर्षं एका खोलीत बसून आम्ही एकमेकांच्या शंभर चुका याच भाषेत दुरुस्त केल्या, आणि आज एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे तर आमच्याकडे बोलीच नाही.

१३ डिसेंबर

सभेचा आवाज साफ करत होते. अध्यक्ष म्हणतात, "नाव कळलं की वाफा गेला. आज कळलं तर आज. दहा वर्षांनी कळलं तर दहा वर्षांनी. त्या घराला या बंधाऱ्यावर पुन्हा वाफा नाही."

हे वाक्य मी साठ वेळा तरी ऐकलं असेल. त्यातली मोटरसायकलची घरघर काढत होते. आज पहिल्यांदा ते मला ऐकू आलं.

११ जानेवारीला गावात चित्रपट दाखवायचं लासानेनं कबूल केलं आहे. २० जानेवारीला समिती वाफे नव्यानं वाटणार. मधे नऊ दिवस. बायका कापड ओळखतील, पण वाटणी पुरुष करतात, आणि पुरुषांना कुठलं कापड कधीचं हे काय कळतंय. त्यांना डोळे दिसतील. एका विधवेच्या पोटापाण्याचा तुकडा माझ्या अडीच सेकंदांनी जाईल.

एक प्रश्न स्वतःला विचारते. मी हे तिच्यासाठी करते आहे, की माझ्या हातून चूक झाली हे मला सोसत नाही म्हणून? प्रामाणिक उत्तर: दोन्ही. पहिलं किती आणि दुसरं किती, ते माहीत नाही.

१६ डिसेंबर

लासाने आला, "ए गुलाम, चहा" म्हणाला. मी उभी राहिले.

"झुंग्राना साहेब, बसा. तुमच्याशी बोलायचं आहे."

त्याचा चेहरा उतरला. हातातली पिशवी तशीच हातात राहिली. "कोण गेलं?"

"कुणी नाही. तुम्ही बसा."

"ओदिल, असं बोलू नकोस. काय झालं? तुला काय आजार सांगितला का डॉक्टरांनी?"

"मी ठणठणीत आहे. सभेतला तिपोकोबाईंचा शॉट मी काढणार आहे. तुम्हाला मान्य नसेल तर दुसरा संकलक पाहा. माझं नाव काढून टाका, माझी तक्रार नाही."

तो बसला. पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाला, "आणि ते खोटं नसलं तर?"

"ती नजर सासऱ्यासाठी होती. १४ मार्च, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. चित्रीकरणावर वेळ आहे."

"नजर खोटी असेल. पण तिच्यातून निघतं ते खोटं नसेल तर?"

मला हे असलं तत्त्वज्ञान आवडत नाही. महोत्सवांत, चर्चासत्रांत सगळेच दिग्दर्शक असं बोलतात: तपशील वेगळे, सत्य वेगळं. मी म्हटलं, "माझ्याकडे जे चित्र आहे तेवढंच मला कळतं."

"तेच तर," तो म्हणाला. मग, "एक कर. तिला दाखव. तीच सांगेल ठेवायचं की काढायचं."

"तुम्ही का नाही दाखवत?"

"मला त्या विषयावर तिच्याशी बोलता येत नाही. मी शब्द दिलाय."

"कसला शब्द?"

"चित्रीकरण करताना माणूस पुष्कळांना पुष्कळ शब्द देतो, ओदिल."

जाताना दारात थांबला. "तेवढं साहेब म्हणू नकोस गं. रात्री झोप लागायची नाही मला."

२९ डिसेंबर, कुलबागो

नियम मोडला.

मांगा गावाच्या रस्त्यानं दीड तास, मग कच्चा रस्ता. गाडीतून उतरले आणि मला सगळं ठाऊक होतं: डावीकडे शाळा, चिंचेपाशी वळण, वळणावर तुटका हौद. फक्त वास ठाऊक नव्हता. कांद्याचा वास इतका येईल असं एकशे अठरा तासांत कुणी सांगितलं नव्हतं. आणि बंधारा माझ्या कल्पनेपेक्षा लहान निघाला. यंदा पाऊस चांगला झाला, पाणी काठोकाठ आहे, पाटही वाहतो आहे.

तिपोको अंगणात होती. मी गुडघे टेकून नमस्कार केला, कोलाच्या बिया दिल्या. तिनं बाजरीच्या पिठाचं पाणी दिलं. चित्रपट जुळवणारी बाई, अशी लासानेनं ओळख करून दिली आणि तो लगेच कुणाला तरी भेटायला निघून गेला.

"कुठल्या घरची गं तू?"

"तोए. सामो."

"सामो? आणि बाकावर बसलीस? खाली बस, गुलामानं खाली बसायचं असतं."

मी खाली बसले. बरं वाटलं. मग न राहवून विचारलं, "आजी, डावा गुडघा कसा आहे?"

ती दचकली. "तुला कुणी सांगितलं?"

मी सांगितलं की मी तिला अडीच महिने रोज पाहते. तिनं थोडा विचार केला. "माझ्या नवऱ्यानं तेहतीस वर्षांत नाही पाहिलं एवढं," म्हणाली. "आणि काय काय पाहिलंस?"

"तुम्ही शेळीच्या आईला शिव्या देता."

"ती होतीच तशी."

बंधाऱ्याचं दार जवळून बघायची मला फार उत्सुकता होती. चित्रात ते नेहमी लांबून येतं. ती घेऊन गेली. लोखंडी चाक, गंजलेलं, माझ्या छातीएवढ्या उंचीवर, साखळीनं बांधलेलं, साखळीला समितीचं कुलूप. फिरवून बघू का विचारलं. "बघ की." मी जोर लावला, हललं नाही.

"असं नाही, पोरी. आधी अर्धा फेरा उलटा, साखळी सैल होऊन सुटते. हं. आता पाय त्या कांबीवर दाबून धर, नाहीतर दात निसटतो आणि आवाज होतो. आता फिरव."

अलगद फिरलं, आवाज न करता. पुन्हा होतं तसं करून ठेवलं. खेड्यातल्या माणसांना आपली प्रत्येक वस्तू कशी हाताच्या रेषेसारखी ठाऊक असते! शहरात मला माझ्या घरातला पाण्याचा मुख्य नळ कुठे आहे ते माहीत नाही.

मग लॅपटॉप उघडला. मी आधीच सांगितलं, "आजी, यात मी एक चूक केली आहे. ती दाखवायला आले."

तिनं प्रसंग पाहिला. अध्यक्ष विचारतात, तिची नजर खाली जाते. ती हसली. "हे तर सासऱ्यांना पाणी देताना! बघ, कापड बघ." मग हसू गेलं. "पुन्हा लाव." मी लावलं. तिसऱ्यांदाही लावायला सांगितलं. मग वरच्या वाफ्यांकडे पाहत म्हणाली, "हे काढ. मान खाली घालण्यासारखं मी काही केलेलं नाही."

"मला ठाऊक आहे, आजी," मी म्हटलं. "तुमचा स्वतःचा कांदा वाळला. तुम्ही कशाला उघडाल? मी सगळ्यांना हेच सांगते."

तिनं माझ्याकडे फार वेळ पाहिलं. "किती वर्षं शिकलीस?"

"सगळी मिळून अठरा."

"हं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर मला कौतुक दिसलं.

मग तिनं विचारलं, "इद्रिसानं विचारलं त्या वेळी मी खरंच काय करत होते? ते आहे तुझ्याजवळ?"

तो लांबचा शॉट लावला, मोठा केला. चित्र जरा फुटतं, पण दिसतं. चाळीस माणसांत सगळे इकडेतिकडे बघताहेत: जमिनीकडे, एकमेकांकडे, झाडाकडे. एक तिपोको तेवढी सरळ अध्यक्षांकडे बघते आहे. नऊ सेकंद. पापणी हलत नाही.

"हे ठेव," ती म्हणाली.

मला स्वतःची लाज वाटली. निरपराध माणसाचा चेहरा असा असतो. तो माझ्याकडे होता आणि बारीक दिसतो म्हणून मी टाकून दिला होता.

५ जानेवारी

नवी जोडणी पूर्ण. अडीच सेकंद गेले, नऊ सेकंद आले. इसाबेल नाराज आहे. "गूढ गेलं, ओदिल. आता ती फक्त बघते." मी म्हटलं, ती फक्त बघतच होती.

सभेच्या आधी खालच्या विहिरींचा प्रसंगही मी वाढवला. बायका दोरानं डबा सोडतात, चिखल वर येतो, तो फडक्यानं गाळतात. एक बाई गाळलेलं पाणी बाळाला पाजते आणि उरलेल्या चिखलाकडे बघते. हे सगळं होतं, मी आधी कापलं होतं.

लासानेनं उभ्यानं पाहिलं. "हे त्या अडीच सेकंदांपेक्षा जास्त धोक्याचं आहे, ओदिल."

खरं चित्र खोट्यापेक्षा धोक्याचं कसं असेल, ते त्यानं सांगितलं नाही. अजून गुलाम म्हणत नाही मला. करमत नाही.

११ जानेवारी, कुलबागो

दुपारी तीन वाजता शाळेच्या वर्गात, खिडक्यांना घोंगड्या लावून. बाकांवर पुरुष, खाली बायका, मागे उभे उरलेले सगळे. शंभरावर माणसं, दार बंद.

प्रत्येक शेळीला नावानं ओळखत होते. विहिरींच्या प्रसंगाला आवाज बंद झाले. चिखलाचा डबा वर आला तेव्हा कुणीतरी पुरुष हळूच म्हणाला, "ही आपली विहीर?" खालून एक बाई म्हणाली, "नाही, चंद्रावरची. तू कधी आला होतास बघायला?"

मग सभा. "दार कुणी उघडलं?" मी पडद्याकडे पाहिलंच नाही, माणसांकडे पाहत होते. पडद्यावर तिपोको सरळ बघत होती. तीन सेकंद, चार, पाच. बायकांच्या बाजूनं एक हसली. मग दुसरी. मग खाली बसलेल्या साऱ्या बायका हसू लागल्या, तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. मला काही कळेना; मी विनोद लावलेला नव्हता.

अध्यक्ष इद्रिसा पहिल्या बाकावर होते. ते वळले आणि मागे भिंतीशी बसलेल्या तिपोकोकडे पाहू लागले. तिनंही त्यांच्याकडे पाहिलं, पडद्यावर बघत होती तसंच. अध्यक्षच आधी वळले.

चित्रपट संपल्यावर ते उभे राहिले. ते म्हणाले, "माझा आवाज इतका बारीक नाही. मशिनमध्ये बिघाड आहे," आणि बाहेर गेले.

१२ जानेवारी

आज सकाळी निघायच्या तयारीत असताना अध्यक्ष तिपोकोच्या अंगणात आले. सोबत समितीचे चौघे. मी आणि लासाने बाजेवर बसलो होतो, आम्ही उठलो. वाटलं, झालं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

नमस्कार-चमत्कार झाले. घरचे बरे, शेळ्या बऱ्या, गुडघा बरा. मग अध्यक्षांनी खिशातून किल्ली काढली, बंधाऱ्याच्या कुलपाची, आणि तिपोकोपुढे धरली.

"समितीचं म्हणणं आहे की यंदा ही तुमच्याकडे असावी. खाली पाणी कमी पडलं की तुम्ही सांगायचं. वाफा आहे तोच राहील."

तिपोकोनं दोन्ही हातांनी किल्ली घेतली.

"फक्त," अध्यक्ष म्हणाले, "या वेळी दिवसा उघडा, आजी."

समितीतले एक जण खोकल्यासारखे हसले. तिपोको म्हणाली, "दिवसा उघडायला किल्ली लागते, इद्रिसा," आणि सगळेच हसले, अध्यक्षसुद्धा.

गाडीत बसल्यावर माझे डोळे भरून आले. हे सगळं नोंदवून ठेवते, कारण असे दिवस फार येत नाहीत. जिच्यावर माझ्यामुळे आळ येणार होता, तिच्याच हाती गावानं किल्ली दिली. खरं चित्र लावलं, आणि लोकांना तिचा निर्दोषपणा दिसला. मी लासानेला तसं म्हटलंही. एकच खटकलं, तेही सांगितलं: "अध्यक्ष ‘या वेळी’ असं का म्हणाले? गेल्या वेळी कुणी उघडलं ते तर अजून कुणालाच ठाऊक नाही."

लासानेनं गाडी बाजूला घेतली. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो इतका हसला की हॉर्न वाजत राहिला आणि रस्त्यावरचं गाढव पळालं. मी विचारत राहिले. डोळे पुसत म्हणाला, "काही नाही गं, गुलाम. काही नाही. मी शब्द दिलाय."

सत्तावीस दिवसांनी त्यानं मला गुलाम म्हटलं. बाकी काय ते सवडीनं विचारीन.